झाकलेल्या कळीचे झाड : निलगिरी

सर्दीने नाक चोंदले की घरात निलगिरीच्या तेलाची छोटी बाटली शोधली जाते. रुमालावर दोन थेंब टाकून हुंगले म्हणजे बरे वाटते. हे तेल ज्या झाडापासून मिळते ते झाडही तुमच्या ओळखीचे असेल. रस्त्याच्या कडेला, शाळेच्या आवारात किंवा शेताच्या बांधावर सरळसोट वाढलेले, पांढुरक्या गुळगुळीत खोडाचे आणि लोंबत्या अरुंद पानांचे हे झाड लांबूनही ओळखू येते.

या झाडाविषयी मोठी माणसे बोलू लागली की दोन अगदी उलट मते कानांवर पडतात. एक म्हणतो, "निलगिरीसारखे उपयोगी झाड नाही. आठदहा वर्षांत हातात पैसा देते." दुसरा म्हणतो, "निलगिरी लावली की विहीर आटलीच म्हणून समजा." यांतले खरे कोणते? निकाल देण्याची घाई करू नका. प्रथम या झाडाचे मूळ घर पाहू. झाडाच्या अंगचे गुण कोणत्या मुलखात राहून तयार झाले हे कळले म्हणजे पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

नाव आपल्याकडचे, घर ऑस्ट्रेलियात

दक्षिण भारतातील नीलगिरी पर्वतावर या झाडाची मोठी लागवड झाली, तेथे तेल निघू लागले आणि ते तेल आपल्याकडे 'निलगिरीचे तेल' म्हणून आले. तेलाचे नाव झाडालाही चिकटले. काहींना वाटते की या झाडांवरूनच पर्वताला नाव मिळाले; पण ते बरोबर नाही. पर्वताचे नाव कित्येक शतके जुने आहे आणि झाड तेथे एकोणिसाव्या शतकात पोहोचले.

शास्त्रीय भाषेत या झाडांच्या वंशाला यूकॅलिप्टस म्हणतात. त्याच्या सातशेहून अधिक जाती आहेत आणि जवळजवळ सर्व ऑस्ट्रेलिया खंडातील आहेत. न्यू गिनी, इंडोनेशिया, तिमोर आणि फिलिपीन्स या बेटांवर मोजक्या जाती आपोआप वाढतात. काही जाती पुरुषभर उंचीच्या झुडपासारख्या असतात, तर टास्मानिया व व्हिक्टोरिया येथील यूकॅलिप्टस रेग्नन्स ही जाती सुमारे १०० मीटर उंची गाठते. म्हणजे तीस मजली इमारतीएवढी! फुले येणाऱ्या वृक्षांत इतके उंच वृक्ष जगात फारच थोडे.

वनस्पतिशास्त्रज्ञ निलगिरीला जांभळाच्या कुलात घालतात. पेरू आणि लवंग हीही याच कुलातील मंडळी. पेरूचे किंवा जांभळाचे पान चुरडून हुंगा. त्या वासात या नात्याची खूण तुम्हाला सापडेल.

टोपी घातलेली कळी

कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीत, १७७७ मध्ये, टास्मानियाजवळच्या ब्रूनी बेटावर या झाडाचा एक नमुना गोळा करण्यात आला. तो लंडनला पोहोचला. तेथे शार्ल लुई लेरितिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास केला आणि १७८८ मध्ये या वंशाचे नामकरण केले. ग्रीक भाषेत 'यू' म्हणजे चांगले आणि 'कॅलिप्टोस' म्हणजे झाकलेले. 'यूकॅलिप्टस' म्हणजे नीट झाकलेला.

हे झाकण कोणते? निलगिरीच्या कळीवर एक टोकदार टोपी असते. इतर फुलांत संदले आणि पाकळ्या सुट्या असतात. येथे त्या एकमेकींना जुळून ही टोपी बनलेली असते. फूल उमलण्याच्या वेळी टोपी गळून पडते आणि आतून पुंकेसरांचा झुबका पसरतो. आपण ज्याला निलगिरीचे फूल म्हणतो ती सारी शोभा पुंकेसरांची असते, पाकळ्यांची नव्हे. फुलांत मध भरपूर असतो. ऑस्ट्रेलियात तो चाखायला कीटक, पोपटांसारखे पक्षी, वटवाघळे आणि लहान शिशुधान प्राणीही येतात आणि त्यांच्याकडून परागसिंचन होते.

लोंबत्या पानांचे गुपित

ऑस्ट्रेलियाच्या फार मोठ्या भागात पाऊस कमी आणि बेभरवशाचा असतो. ऊन प्रखर असते. जमीन फार प्राचीन असून पावसाने धुपून धुपून निकस झालेली आहे. फॉस्फरस तर तीत फारच थोडा. अशा मुलखात टिकण्यासाठी निलगिरीने काय तजवीज केली, ते तिच्या पानांत पाहा.

बऱ्याच जातींत रोपट्याची पाने आणि मोठ्या झाडाची पाने इतकी वेगळी असतात, की ती एकाच झाडाची आहेत हे पटत नाही. नीलगिरी पर्वतावर लावलेल्या यूकॅलिप्टस ग्लोब्युलस या जातीची कोवळी पाने रुंद, समोरासमोर जोडीने येणारी, देठ नसलेली आणि मेणाच्या थराने निळसर दिसणारी असतात. झाड मोठे झाले की पाने लांब, कोयत्यासारखी वाकलेली, एकाआड एक येणारी होतात आणि देठ पिळवटून खाली लोंबू लागतात.

लोंबण्याचा फायदा असा : दुपारी सूर्य डोक्यावर असतो तेव्हा त्याच्यासमोर पानाची फक्त कड येते. त्यामुळे पान कमी तापते. सकाळी व संध्याकाळी ऊन तिरपे आणि सौम्य असते, तेव्हा ते पानाच्या सपाट बाजूवर पडते आणि प्रकाशसंश्लेषण चालू राहते. आंब्याच्या पानाची वरची बाजू गडद आणि खालची फिकट असते. निलगिरीच्या लोंबत्या पानाच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसतात आणि पर्णरंध्रेही दोन्हीकडे असतात. दुपारी निलगिरीखाली उभे राहिले तर सावली विरळ का लागते, याचे उत्तर येथेच आहे.

मात्र एक गैरसमज नको. निलगिरी हे पाणी जपून वापरणारे झाड आहे, असे यावरून ठरत नाही. पान तापू द्यायचे नाही आणि मुळे दूरवर, खोलवर पाठवून मिळेल तेथून पाणी ओढायचे, अशी पुष्कळ जातींची रीत आहे. मुळांना पाणी मिळत असेल तोवर पर्णरंध्रांतून बाष्पोच्छ्वास जोरात चालतो. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

पानात तेल कशाला?

निलगिरीचे पान उजेडासमोर धरले तर सुईने टोचल्यासारखे असंख्य पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तैलग्रंथी होत. पोषणद्रव्ये दुर्मिळ असलेल्या जमिनीत एक पान तयार करणे झाडाला महाग पडते. ते किडीने वा प्राण्याने खाल्ले तर नुकसान मोठे. म्हणून पानात उग्र तेल, टॅनिन आणि इतर कडू द्रव्ये साठवलेली असतात. बहुतेक प्राणी त्यांना तोंड लावत नाहीत.

अपवाद आहे तो कोआलाचा. पिलाला पोटाच्या पिशवीत वाढवणारा हा प्राणी जवळजवळ केवळ निलगिरीच्या पानांवर जगतो. त्याचे यकृत पानांतील विषारी द्रव्ये निकामी करते आणि सुमारे दोन मीटर लांबीच्या उंडुकात, म्हणजे आतड्याच्या पिशवीसारख्या भागात, सूक्ष्मजीव पानांतील तंतू कुजवतात. तरीही या अन्नातून शक्ती इतकी कमी मिळते, की कोआला दिवसाचा बहुतेक वेळ झोपून काढतो.

उष्ण दिवशी पानांतून तेलकट द्रव्यांची वाफ हवेत मिसळते. तिच्यापासून बनलेल्या अतिसूक्ष्म कणांमुळे प्रकाशातील निळा भाग अधिक विखुरला जातो आणि दूरच्या डोंगरांवर निळसर धुके दिसते. सिडनीजवळच्या डोंगरांना 'ब्लू माउंटन्स' म्हणतात ते यामुळेच.

आगीबरोबर संसार

तेलाने भरलेली पाने, खाली साचलेला वाळका पालापाचोळा आणि सोलून लोंबणाऱ्या सालींच्या चिंध्या. आग लागायला आणखी काय हवे? ऑस्ट्रेलियात वणवे लाखो वर्षांपासून लागत आले आहेत आणि निलगिरीचे जीवन त्यांच्याशी जुळून गेले आहे. अनेक जातींत खोडाच्या जाड सालीखाली सुप्त मुकुल असतात. आगीत शेंडा जळाला की काही आठवड्यांत काळ्या खोडावर हिरव्या पानांचे तुरे फुटतात. कित्येक जातींत जमिनीलगत एक फुगीर काष्ठगाठ असते. तीत अन्नसाठा आणि मुकुल दोन्ही असतात. वरचे झाड नष्ट झाले तरी या गाठीतून नवे धुमारे येतात.

उंच वाढणाऱ्या यूकॅलिप्टस रेग्नन्सची तऱ्हा निराळी. मोठ्या आगीत हे झाड मरते. पण त्याची लाकडी फळे उष्णतेने सुकून उघडतात आणि लाखो बिया राखेवर पडतात. मोकळ्या, उजेडाच्या, राखेने खत घातलेल्या जमिनीत नवे जंगल एकदम उगवते. व्हिक्टोरियात जानेवारी १९३९ च्या भीषण वणव्यानंतर असेच झाले. मात्र झाडाला मानवणारी आग माणसाला मानवत नाही. त्याच राज्यात ७ फेब्रुवारी २००९ रोजी लागलेल्या वणव्यांत १७३ माणसे दगावली.

मूळ रहिवाशांचे झाड

ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी तेथे किमान ५०,००० वर्षे राहत आहेत. या झाडाचा कोणता भाग कशाला उपयोगी, हे त्यांनी पिढ्यान्पिढ्या अनुभवाने शोधले. पानांची वाफ किंवा धूर ते सर्दीतापावर घेत. सालीतून पाझरणारा लालसर डिंक जखमेवर लावत, जुलाबांवर देत. त्यात टॅनिन असते आणि टॅनिन हे स्तंभक आहे हे आपण जाणतो. या डिंकामुळेच युरोपियनांनी या झाडांना 'गम ट्री' म्हटले.

मरे नदीच्या काठी 'रेड गम' जातीच्या मोठ्या झाडाची साल एका तुकड्यात काढून तिची होडी बनवत. साल काढल्याचे लांबट व्रण अंगावर असलेली जुनी झाडे अजूनही तेथे पाहायला मिळतात. झाड मरू न देता साल काढली जाई, हे विशेष. उत्तरेकडील आर्नहेम लँडमध्ये 'स्ट्रिंगीबार्क' जातीची साल पावसाळ्यात सोलतात, विस्तवावर शेकून सपाट करतात आणि तीवर रंगीत मातीने चित्रे काढतात. वाळवीने आतून पोखरलेल्या खोडापासून डिजेरिडू हे घुमणाऱ्या आवाजाचे वाद्य करतात. कोरड्या प्रदेशात 'मॅली' नावाच्या झुडपी निलगिरीची मुळे उकरून, तुकडे करून उभी ठेवली की त्यांतून पिण्याचे पाणी ठिबकते, हे ज्ञान तर जीव वाचवणारे होते.

तेल कसे काढतात?

१७८८ मध्ये सिडनी येथे ब्रिटिश वसाहत स्थापन झाली आणि त्याच सुमारास तेथील डॉक्टरांनी निलगिरीच्या तेलाचा नमुना इंग्लंडला पाठवला. त्याचा नियमित धंदा १८५२ मध्ये जोसेफ बोसिस्टो या औषधविक्रेत्याने व्हिक्टोरियात सुरू केला.

पाने व कोवळ्या फांद्या मोठ्या बंद भांड्यात भरून त्यांतून पाण्याची वाफ सोडतात. तेलाची वाफ पाण्याच्या वाफेबरोबर बाहेर येते. ती थंड केली की पाण्यावर तेल तरंगते. याला बाष्प-ऊर्ध्वपातन म्हणतात. येथे चौकस विद्यार्थ्याला शंका येईल. तेलातील मुख्य घटक सिनिओल हा सुमारे १७६ अंश सेल्सिअसला उकळतो. मग तो वाफेबरोबर कसा येतो? उत्तर असे, की एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव एकत्र तापवले म्हणजे त्यांच्या बाष्पदाबांची बेरीज होते. ही बेरीज वातावरणाच्या दाबाएवढी झाली की मिश्रण उकळू लागते. त्यामुळे १०० अंशांच्या किंचित खालीच तेल निघून येते आणि फार तापून बिघडत नाही.

सगळ्या जातींचे तेल सारखे नसते. बागांत लावतात त्या लिंबाच्या वासाच्या जातीत सिट्रोनेलाल हे द्रव्य मुख्य असते. तिला पूर्वी यूकॅलिप्टसमध्ये धरत. १९९५ मध्ये तिच्यासह सुमारे शंभर जाती कोरिंबिया या वेगळ्या वंशात घालण्यात आल्या.

सिनिओल नाकातील गारवा जाणणाऱ्या चेतातंतूंना चेतवते, म्हणून श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. सर्दीचे विषाणू त्यामुळे मरत नाहीत. आणि एक इशारा नीट ध्यानात ठेवा : हे तेल पोटात घेण्याचे नाही. थोडेसे गिळले तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात, शुद्ध हरपू शकते. तान्ह्या बाळाच्या नाकाला ते कधी लावू नये आणि बाटली मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नये.

तापाचे झाड

एकोणिसाव्या शतकात युरोपात समजूत होती, की हिवताप दलदलीतील दूषित हवेने होतो. निलगिरीचा उग्र वास ही हवा शुद्ध करील, या आशेने १८७० च्या दशकात रोमजवळच्या त्रे फोंताने येथील मठात साधूंनी हजारो झाडे लावली. तिला 'तापाचे झाड' असेच नाव पडले. पुढे १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू शोधले आणि दूषित हवेची कल्पना मागे पडली. झाडाचा काही उपयोग होत असेल, तर तो वासाने नव्हे. ओली जमीन शोषून डासांची डबकी कमी करण्याने. म्हणजे येथे उपयोगी पडली ती निलगिरीची तहान.

भारतात आल्यावर

टिपू सुलतानाच्या नंदी टेकडीवरील बागेत सुमारे १७९० मध्ये निलगिरीची झाडे आली, असे सांगतात. नीलगिरी पर्वतावर १८४३ च्या सुमारास लागवड सुरू झाली, ती मुख्यतः जळणासाठी. उटी वसल्यावर आसपासची 'शोला' जंगले तुटू लागली होती. लवकर वाढणारे, तोडल्यावर खुंटातून पुन्हा फुटणारे, गुरे न खाणारे झाड सोयीचे वाटले. विसाव्या शतकात कागद व रेयॉन यांच्या लगद्यासाठी मैदानी भागांतही लागवड झाली आणि १९८० च्या दशकात सामाजिक वनीकरणातून ती शेतांपर्यंत पोहोचली. आपल्या नाशिक जिल्ह्यात विनायकराव पाटील यांनी याच काळात निलगिरीची शेती करून दाखवली आणि उत्पादकांना सहकारी संस्थेत एकत्र आणले. उलट कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यात १९८३ मध्ये शेतकऱ्यांनी रोपे उपटून टाकली. पाणी जाते आणि नाचणीची जमीन अडते, ही त्यांची तक्रार होती. पुढे २०१७ मध्ये कर्नाटक सरकारने नव्या लागवडीवर बंदी घातली.

मोजमाप काय सांगते? दक्षिण आफ्रिकेत मोकोबुलान येथे एका ओढ्याच्या गवताळ पाणलोटात १९६९ मध्ये निलगिरी लावली. नवव्या वर्षी ओढा पूर्ण आटला. सोळाव्या वर्षी झाडे तोडली, तरी ओढा पुन्हा बारमाही वाहायला आणखी पाच वर्षे लागली. कर्नाटकात भारतीय व ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून मोजणी केली. कोरड्या भागात निलगिरीचा पाणीवापर तेथल्या नैसर्गिक पानझडी जंगलाएवढाच निघाला. पण पावसावरच्या नाचणीसारख्या पिकाच्या मानाने तो सुमारे दुप्पट होता. एका ठिकाणी तर झाडांनी पडलेल्या पावसाहून अधिक पाणी वापरले. जमिनीत खोलवर मुरलेला जुना ओलावा मुळे उपसत होती.

आता सुरुवातीच्या दोन मतांकडे पाहा. दोन्ही मते मांडणारे आपापल्या अनुभवाचे बोलतात. दलदलीत जो गुण, तोच कोरड्या शिवारात दोष होतो. पान खाल्ले जाऊ नये म्हणून साठवलेले तेल आपल्या उपयोगी पडते. पण त्याच पानांचा पाचोळा लवकर कुजत नाही आणि त्याखाली इतर झाडोरा कमी वाढतो. झाड बदललेले नाही, जागा बदलली आहे. म्हणून "निलगिरी चांगली की वाईट?" या प्रश्नाऐवजी असे विचारावे : कोणती जात, कोठे, किती आणि कशाच्या जागी? ओढ्याच्या उगमाशी, गवताळ माथ्यावर किंवा जुने जंगल तोडून ती लावणे चुकीचेच. बांधावर एक रांग लावणे ही निराळी गोष्ट.

स्वतः करून पाहा

१. निलगिरी, पेरू आणि लिंबू यांची पाने उजेडासमोर धरून तैलग्रंथी शोधा. कोणत्या पानात त्या दाट आहेत?

२. निलगिरीच्या पानाच्या दोन्ही बाजूंना पारदर्शक नखरंगाचा पातळ थर लावा. वाळल्यावर चिकटपट्टीने उचलून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. दोन्हीकडे पर्णरंध्रे दिसतात का? आंब्याच्या पानाशी तुलना करा.

३. निलगिरीच्या आणि कडुनिंबाच्या फांदीवर, पानांचे क्षेत्रफळ आलेख-कागदावर मोजून साधारण सारखे ठेवून, पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधा. चार तासांनी साचलेले पाणी मोजा.

४. निलगिरीखाली आणि वडाखाली किंवा आंब्याखाली एक मीटर लांब-रुंद चौकोन आखून त्यात किती प्रकारची रोपे उगवली आहेत ते मोजा.

५. गावात निलगिरीची लागवड असेल तर शिक्षकांच्या मदतीने एक वही करा. लागवड कधी झाली, आधी तेथे काय होते, जवळच्या विहिरीत दर महिन्याला पाणी किती खोलीवर आहे आणि त्या महिन्यात पाऊस किती पडला, हे लिहीत चला. जवळपास लागवड नसलेल्या एखाद्या विहिरीची नोंदही सोबत ठेवा. तुलनेला ती लागेल. तुमचा वर्ग शाळा सोडून गेला तर वही पुढच्या वर्गाकडे सोपवा. पाच वर्षांच्या अशा नोंदी हाती असल्या, तर ग्रामसभेत निलगिरीचा प्रश्न निघेल तेव्हा तुमच्या शाळेजवळ सांगण्यासारखे काही असेल.